खलाशी हंबीरचा अखेरचा अंक

टँकरच्या पाण्यानं पुस्तकं धुतल्याबद्दल ज्याच्याविरुद्ध रीतसर ठराव पास झाला, असा पाटोद्यातला मी पहिलाच इसम असावा. ठरावाची नक्कल मला मिळाली आहे. त्यात माझ्या नावामागे 'श्री.' लावलेलं नाही. उभी हयात खरेदी-विक्री संघात हेडक्लार्क म्हणून काढलेल्या माणसाला पाण्याच्या आरोपापेक्षा हे जास्त लागतं. मीही आयुष्यभर लोकांविरुद्ध ठराव लिहिले, पण ज्याला काढून टाकायचं त्यालाही 'श्री.' घालूनच काढलं.

आमच्याकडे निवृत्त माणसाला दोनच रस्ते असतात. एक भजनी मंडळाचा, दुसरा कुठल्यातरी सोसायटीच्या निवडणुकीचा. मला गाता येत नाही आणि निवडून कुणी देत नाही, म्हणून मी जुन्या चित्रकथा गोळा करायला लागलो. 'चित्रकथा म्हणजे लहान पोरांची पुस्तकं ना हो?' असं आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे वत्सलानं, विचारलं. मी तिला सांगितलं की हे ऐतिहासिक ठेव्याचं जतन आहे. ती 'बरं' म्हणाली आणि तिनं ट्रंकेतली हिवाळी पांघरुणं काढून मला ट्रंक रिकामी करून दिली. संसारात 'बरं' या शब्दावर बरंच काही चालतं.

मला सगळ्याच चित्रकथा नको होत्या. मला हवा होता 'खलाशी हंबीर'. आता तो कुणाला आठवत नसेल. आमच्या लहानपणी एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर तो यायचा, आगपेट्यांच्या आणि तपकिरीच्या शेजारी टांगलेला. हंबीर गलबत घेऊन दर्यावर फिरायचा, चाच्यांना लोळवायचा आणि वादळात शिडाला लोंबकळत हसायचा. त्याला एक म्हातारी आई होती आणि खांद्यावर एक पोपट. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. माझी थोरली बहीण सुंदरबाई, म्हणजे अक्का, चौथी पास झालेली होती. ती मला वाचून दाखवायची. हंबीर घोगऱ्या आवाजात, चाचे नाकात, आणि वादळ आलं की ती रिकामी घागर बडवायची. समुद्र म्हणजे काय, हेही तिनंच मला समजावून दिलं. 'आपलं तळं हाय ना, त्याला पल्याडचा काठच न्हाई असं समज,' ती म्हणाली होती. तिनंही समुद्र पाहिला नव्हता, पण मला पटलं.

शेवटून दुसऱ्या अंकात हंबीरचं गलबत फुटून तो एका ओसाड बेटावर अडकला. गोड्या पाण्याची पिंपं फुटली. चहूकडे खारं पाणी आणि प्यायला थेंब नाही. खाली जाड अक्षरांत छापलं होतं, 'हंबीर घरी पोचेल का? वाचा अखेरचा अंक!' तो अखेरचा अंक आम्हाला मिळाला नाही. ते बहात्तरच्या दुष्काळाचं साल होतं. स्टॉल बंद पडला, आणि त्याच उन्हाळ्यात घाईघाईनं अक्काचं लग्न झालं. वडिलांनी तिच्या सासरी जाऊन आधी विहीर पाहिली, मग मुलगा. विहिरीला पाणी होतं.

तेव्हापासून अक्का भाऊबीजेला आली की जाताना, एक पाय एसटीच्या पायरीवर ठेवून, न चुकता विचारायची, 'हंबीरचं कायी कळलं का रे?' जणू हंबीर आमचा पुण्याला स्थायिक झालेला चुलतभाऊ आहे. मी 'नाही गं' म्हणायचो आणि गाडी सुटायची. तिची पोरं मोठी झाली, ऊसतोडीला जाता जाता तिचे केस पांढरे झाले, पण पायरीवरचा प्रश्न बदलला नाही. यंदा तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि शिबिरात ऑपरेशन ठरलं. नंतर विश्रांतीला माझ्याकडेच यायचं होतं. तेव्हा मी मनाशी खूणगाठ बांधली की अक्काचे डोळे उघडले की तिनं पहिली गोष्ट वाचायची ती हंबीरचा अखेरचा अंक. त्यासाठी वाटेल ते करायचं. आणि वाटेल ते करायची वेळ माझ्यावर लगेचच आली.

शोधाशोध करत मी परळीला धर्मराजच्या रद्दीच्या दुकानात पोचलो. तिथं कुठल्याही कागदावर बोट फिरवलं की आधी औष्णिक केंद्राची राख निघते आणि मग अक्षर दिसतं. मी त्याला हंबीरबद्दल विचारलं.

'हाय की हंबीर,' धर्मराज म्हणाला. 'अखेरचाच हाय. पर त्यो जरा गोड झालाय.'

मला वाटलं, हा गिऱ्हाइकाला भुलवायची काहीतरी भाषा बोलतोय. पण त्यानं आतून जे आणलं ते खरोखरच गोड होतं. कुणा मास्तरांच्या घरातून निघालेला गठ्ठा, त्यावर काकवीचा डबा आडवा झालेला. वर्षानुवर्षं मुरून सगळी पानं एकमेकांना अशी चिकटली होती की अंक उघडायची सोयच नव्हती. वीट होती ती. मुखपृष्ठावर मात्र निळा समुद्र दिसत होता, आणि हंबीरचा उंचावलेला हात.

'उघडंल का हे?' मी विचारलं.

'तुमी उघडा की, सायेब,' तो म्हणाला. 'मला टाइम न्हाई.'

परतीच्या एसटीत माझ्याबरोबर काकवीमागून आलेल्या मुंग्याही होत्या. त्यांनी तिकीट काढलं नव्हतं. पहिल्या थांब्यापर्यंत त्या माझ्या मांडीवर होत्या, पुढे त्या शेजारच्या गृहस्थांच्या धोतरात गेल्या. कंडक्टरनं मला पिशवीत काय आहे विचारलं. मी म्हटलं, 'चित्रकथा.' त्यानं मला पिशवीसकट मागच्या लांब सीटवर बसवलं. खड्ड्यांचा रस्ता मागच्या सीटवर कसा लागतो ते आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको.

घरी आल्यावर वीट उघडायची कशी, यावर सल्ले सुरू झाले. शेजारच्या छबुबाई म्हणाल्या, वाफेवर धरा, इडलीपात्र मी देते. दुसऱ्या कुणी उन्हात ठेवा म्हटलं, तिसऱ्यानं उलथन्यानं हलके हलके सोडवा म्हणून सांगितलं. मी कुणाचंच ऐकलं नाही, कारण मी मोबाइलवर एका परदेशी गृहस्थांची फीत पाहिली होती. हे गृहस्थ पांढरे हातमोजे घालून जुनी चित्रकथा स्वच्छ पाण्यात अलगद बुडवत होते. पाण्यात चिमूटभर चुना, पाणी पुन्हा पुन्हा बदलायचं, आणि पानं आपोआप सुटी होत होती. ते कागदाशी इतकं हळुवार बोलत होते की मला भरून आलं. त्यांच्या मागे भिंतीला एक नळ होता, हे मात्र माझ्या नंतर लक्षात आलं.

आमच्या कॉलनीला नळ आहेत. त्यांतून हवा येते. पाणी टँकरनं येतं, तेही टँकरच्या मनात आलं तर, आणि आलेलं पाणी घराघरात कसं वाटायचं ते आमची सहकारी गृहनिर्माण संस्था ठरवते. मी माझ्या अंघोळीचं पाणी हंबीरला द्यायचं ठरवलं. तांब्याचं घंगाळ स्वच्छ घासून अंगणात ठेवलं, पानाच्या डबीतला चुना घातला आणि वीट अलगद सोडली. वत्सला दारात उभी राहून पाहत होती.

'म्हणजे अंघोळ पुस्तकाची,' ती म्हणाली, 'आणि पारोसे तुम्ही.'

मी तिला म्हटलं की माझ्या वाट्याच्या पाण्याचं मी काय करतो हा माझा प्रश्न आहे. हे बोलणं कुंपणापलीकडे गेलं असावं. संध्याकाळी संस्थेचे चेअरमन बबनराव दारात हजर.

बबनराव पूर्वी सहकारी बँकेत शाखाधिकारी होते. त्यांना कुठलीही गोष्ट आधी विषयपत्रिकेवर घ्यावी लागते, मग ती दिसते. त्यांनी घंगाळाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, 'राधाकिशनराव, टँकरचं पाणी बांधकाम, गाडी धुणे व तत्सम कामासाठी वापरू नये, असा ठराव आहे. हे तत्सममध्ये येतं.'

'पुस्तक म्हणजे गाडी आहे का?'

'गाडी नाही, तत्सम. ते सभेपुढं ठेवावं लागेल.'

सभा झाली. तत्सम या शब्दात काय काय बसतं यावर इतकी चर्चा झाली की तेवढ्यात बाहेर टँकर येऊन हॉर्न वाजवून निघून गेला आणि सगळी कॉलनी कोरडी राहिली. त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटलं. ठराव पास झाला, आणि मी आधी सांगितलं तसा 'श्री.' शिवाय झाला. अट अशी पडली की मी पाणी बदलू नये. आहे तेच वापरावं, आणि काम संपलं की ते कॉलनीच्या कडुनिंबाला घालावं.

खुलासा म्हणून मी सभेत ट्रंकेतले हंबीरचे जुने अंक नेले होते. तिथंच माझं चुकलं, की साधलं, हे आजही मला सांगता येत नाही. बबनराव पुरावा म्हणून ते अंक घरी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे तारवटून परत आले.

'पुढं काय झालं?' त्यांनी विचारलं. 'तो बेटावर अडकला त्याच्या पुढं?'

'तेच तर घंगाळात आहे,' मी म्हणालो.

बबनरावांनी घंगाळात डोकावून पाहिलं. मग आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला एखादी गोष्ट मनापासून आवडली की तो जे करतो तेच त्यांनी केलं. त्यांनी तिची सहकारी संस्था काढायचं ठरवलं. आमच्याकडे उसाची संस्था आहे, दुधाची आहे, सुताची आहे, शेळ्यांची आहे, तर चित्रकथेची का नको? 'खलाशी हंबीर चित्रकथा जतन सहकारी संस्था मर्यादित, नियोजित.' चेअरमन बबनराव. व्हाइस चेअरमन त्यांचे व्याही. मी विचारलं, 'आणि मी?'

'तुम्ही सभासद आहात ना,' ते म्हणाले. 'सभासद हा सहकाराचा कणा असतो.'

मी कण्यासारखा ताठ होऊन आत गेलो आणि दिवसभर कुणाशी बोललो नाही. वत्सलानं पिठलं केलं तेव्हा कुठे बोललो.

दुष्काळात लोकांकडून भागभांडवल रोखीत मागायचं कसं, म्हणून बबनरावांनी युक्ती काढली की प्रवर्तक सभासदांनी भांडवल जुन्या कागदाच्या रूपात आणावं. त्यातून दुर्मिळ चित्रकथा निघतील, असा त्यांचा हिशेब. लोकांनी घरं झाडली. माझ्या ओसरीवर बियाणे कंपन्यांची कॅलेंडरं आली, मागच्या सालांची पंचांगं आली, दहावीची गाइडं आली, कारखान्याचे वार्षिक अहवाल आले, आणि उमेदवारांची हसरी पत्रकं तर पोत्यानं आली. त्यात एकही चित्रकथा नव्हती. पण भांडवल परत करता येत नाही, असा उपविधी असल्यामुळे ते ओसरीवरच राहिलं. आम्ही घरात आडवे होऊन शिरायला लागलो.

अशा त्या रद्दीच्या डोंगरातून वाट काढत एके दिवशी अक्का आली. डोळ्यांवर हिरवट काळा मोठा चष्मा, हातात औषधाच्या थेंबांची पिशवी. डॉक्टरांनी वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, धुरात बसायचं नाही, आणि ते सांगतील तोवर वाचायचं तर मुळीच नाही, असं बजावलं होतं. अक्का आयुष्यात पहिल्यांदाच कुठंतरी नुसतं बसायला आली होती आणि ते तिला अजिबात जमत नव्हतं.

'येवढी रद्दी कावून साठवली रे?' तिनं ओसरी चाचपत विचारलं.

'आहे एक काम,' मी म्हणालो. मला गुपित फोडायचं नव्हतं. चष्मा उतरेल त्या दिवशी तिच्या हातात अंक ठेवायचा आणि तिचा चेहरा पाहायचा, एवढंच मला हवं होतं. वत्सलाला आणि बबनरावांना मी तशी शपथ घातली होती.

घंगाळातली वीट आता खरोखरच सुटत आली होती. रोज मी घंगाळावर झाकलेलं गोणपाट बाजूला करून पाहायचो. एक दिवस कोपरा उचलून पाहिला तर पान सहज वर आलं. खाली चित्र होतं, अक्षरं होती. मला वाचता आलं असतं. आता तर मला चांगलंच वाचता येतं, हेडक्लार्क होतो मी. पण मी ते पान पुन्हा खाली सोडलं आणि गोणपाट झाकलं. हंबीरचा कुठलाच अंक मी पहिल्यांदा डोळ्यांनी वाचला नव्हता. तो मी अक्काच्या तोंडून ऐकला होता. शेवटही मला तिच्याच आवाजात ऐकायचा होता, घागर बडवून. साठी उलटलेल्या माणसाचा हा हट्ट आहे हे मला कळत होतं, तरी मी तो सोडला नाही. पानं उद्या सुटी करून वाळत घालायची असं मी ठरवलं.

नेमकं दुसऱ्या दिवशी बबनराव मला सहकार खात्याच्या कचेरीत ओढून घेऊन गेले. संस्थेचं नाव राखून ठेवायचं होतं. तिथल्या बाबूनं अर्ज उलटसुलट पाहिला.

'वर्गवारी काय? शेती का बिगरशेती?'

'चित्रकथा,' बबनराव म्हणाले.

'तसा रकाना न्हाई. चित्रकथा कशावर असती?'

'कागदावर.'

'कागद कशाचा होतो?'

बबनराव गडबडले. मी म्हणालो, 'बांबूचा होतो. गवताचा होतो. उसाच्या चिपाडाचासुद्धा होतो.'

'मंग तसं बोला की,' बाबू खूश झाला. 'ऊस आला म्हनल्यावर कृषी प्रक्रिया. कारखान्याचं ना हरकत पत्र आणा, आन पाण्याचा स्रोत दाखवा.'

'चित्रकथेला पाण्याचा स्रोत?'

'प्रक्रिया उद्योग हाय ना तुमचा? पाण्याशिवाय प्रक्रिया होती का?'

बबनरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी घंगाळाचा विचार केला. सहकाराला आयुष्य वाहिलेली आम्ही दोन माणसं, त्या बाबूपुढं चौथीतल्या पोरांसारखी उभी होतो. साहेब मीटिंगला गेले होते, ते येईपर्यंत बाकावर बसलो, ते आलेच नाहीत, आणि उन्हं कलल्यावर आम्ही घरी निघालो.

फाटक उघडलं तेव्हा अंगणात पालथी भांडी मांडलेली दिसली. पातेली, घागर, दोन परड्या, आणि सगळ्यांवर करड्या रंगाचा ओला लेप, बोटांनी एकसारखा थापलेला. मेथीचा वास सुटला होता. मध्यभागी पाट्यापुढे माझी बहीण काळा चष्मा लावून बसली होती. हात कोपरापर्यंत माखलेले, आणि चेहऱ्यावर आल्यापासून पहिल्यांदाच समाधान.

आमच्या भागात कागदाच्या टोपल्या करतात. रद्दी पाण्यात भिजवायची, मऊ झाली की मेथ्या घालून पाट्यावर वाटायची आणि पालथ्या भांड्यावर थापून उन्हात वाळवायची. धान्य ठेवायला फार छान, मेथीमुळे कीड लागत नाही. ओसरीवर रद्दीचा ढीग, अंगणात भिजत घातलेला कागद. अक्काच्या जागी दुसरी कुठलीही बाई असती तरी तिनं तेच केलं असतं.

'वत्सला टँकरला गेलती,' अक्का म्हणाली. 'म्हनलं, कागद भिजवून ठिवलाय आन वेळ न्हाई गावला तिला. ह्या दिसांत येवढं पाणी वाया घालवायचं का? वाकले न्हाई बरं का, बसूनच केलं. आन वरून आनिक चार पेपर फाडून घातले. पर ह्यो आतला कागद लई झ्याक रे. जुना, मऊ, आन चिकट बी. मेथ्या कमीच लागल्या.'

मी घंगाळात पाहिलं. तळाला चुना होता. दुसरं काही नव्हतं.

मी तिथंच पायरीवर बसलो. मी तिला काही सांगणार नव्हतो, कधीच सांगणार नव्हतो. वत्सला मागून घागर घेऊन आली आणि दारातच थबकली. तिनं तोंडाला पदर लावला. तीही काही बोलली नसती. पण बबनराव चेअरमन होते.

'अहो अक्का!' ते ओरडले. 'तुम्ही हंबीर वाटला!'

'कोन?' अक्का म्हणाली.

'हंबीर! खलाशी हंबीर! अखेरचा अंक होता तो घंगाळात. तुमच्यासाठी आणला होता परळीहून!'

गडबड ऐकून छबुबाई कुंपणापाशी आल्या होत्या. अक्कानं हात तसेच अधांतरी धरले. मग तिनं हळूच सगळ्यात जवळच्या पातेल्यावर बोटं फिरवली, आंधळ्यानं तोंड चाचपावं तशी. लेपात एका ठिकाणी निळ्या रंगाचा नखाएवढा तुकडा राहिला होता. तो तिला दिसला का, मला माहीत नाही.

'तू वाचला व्हता का?' तिनं मला विचारलं.

'नाही,' मी म्हणालो. 'तुझ्यासाठी ठेवला होता.'

'वाचायचा की रे येड्या. कावून थांबला?'

'तू वाचून दाखवशील म्हणून,' मी म्हणालो. बबनरावांनी उगाचच चष्मा काढून पुसायला घेतला. मला तिचा राग आला नव्हता, एवढं खरं सांगतो. मला इतकंच वाटत होतं की इतक्या वर्षांनी हंबीर घरापर्यंत आला आणि आता आम्हा दोघांना त्याचं पुढे काय झालं ते कधीच कळणार नाही. पाटा धुवायलाही कुणी उठलं नाही.

मग अक्का हसली. आधी हळू, मग खांदे हलवून.

'आरं, मला ठावं हाय त्याचं काय झालं ते,' ती म्हणाली.

'तुला? कसं?'

'तर! ऊसतोडीला जायचे मी, का न्हाई? दिसभर तोडायचं, सांजच्याला पाचटाच्या कोपीपुढं चूल पेटवायची. टोळीतल्या समद्या पोरांना भूक लागलेली असायची, भाकर व्हायला येळ. मंग मी त्यांना हंबीर सांगायचे. छापलेला सरला तवा माझा माझा सांगायला लागले. दर साली कारखान्याचा पट्टा पडायचा, हंगाम सरायचा, गोष्ट तिथंच राह्यची, म्होरल्या साली पोरं इचारायची, आत्या, हंबीर कुठवर आला? म्या किती हिंडवलं त्याला. पर शेवट कवा सांगितला न्हाई. शेवट सांगितला असता तर मंग रोज काय सांगितलं असतं?'

'पण तुम्हाला माहीत होता?' बबनरावांनी विचारलं. ते रद्दीच्या गठ्ठ्यावर बसले होते, भागभांडवलावर.

'व्हता की.'

छबुबाई फाटकातून आत आल्या. वत्सलानं घागर खाली ठेवली. मी पायरीवरून उतरून पाट्यापाशी जाऊन बसलो. अक्कानं चष्म्यामागून समोर पाहिलं आणि तिचा आवाज एकदम घोगरा झाला. इतक्या वर्षांत त्या आवाजाला काही झालं नव्हतं.

'त्या बेटावर आठ दिस हंबीरनं वाट बघितली,' ती सांगू लागली. 'गलबत कायी आलं न्हाई. व्हट फुटले. पोपट बी बोलंना. समदीकडं पाणीच पाणी, आन तोंडात घालावं तर मीठ. मंग हंबीर म्हनला, मरायचंच हाय तर हात बांधून कावून मरू? त्यानं मोडक्या फळकुटानं खांदायला घेतलं. खांदतंय खांदतंय. वाळू लागली, मुरूम लागला, काळा दगड लागला. हाताचं कातडं गेलं. त्यो म्हनला, लागंल. आन एक दिस सकाळी दगड वला लागला. गोड पाणी. असं वर आलं. त्यो त्यात तोंड घालून रडला.'

आम्ही सगळे पाणी प्यायल्यासारखे बसलो होतो.

'आणि मग घरी गेला?' मी विचारलं. कॉलनीतल्या लोकांसमोर, एका माजी हेडक्लार्कनं, सहा वर्षांच्या पोराच्या आवाजात.

'घरला?' अक्कानं मान हलवली. 'न्हाई गेला. पाणी लागलं म्हनल्यावर तिथंच राह्यला. घरला तरी कुठं पाणी व्हतं? आन हीर खांदली म्हनल्यावर तिला कोनीतरी शेंदावी लागती. दुसरी बी माणसं आली त्या बेटावर, त्यांची लेकरं झाली. हंबीर म्हातारा झाला. लई चांगलं झालं त्याचं, वाईट न्हाई झालं. पर सांज झाली की त्यो दर्याकडं तोंड करून बसायचा. कामं सोडून बसायचा. घरला त्याचा धाकला भाऊ व्हता ना.'

हंबीरचे सगळे अंक मला तोंडपाठ आहेत. त्यात त्याची म्हातारी आई आहे, पोपट आहे, गलबतावरचा एक डोळा गेलेला स्वयंपाकी आहे. हंबीरला धाकटा भाऊ नाही. एकाही अंकात नाही.

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, लपवता आलंच नसतं. अक्कानं माखलेल्या हातानं माझं तोंड पुसलं आणि माझ्या गालाला मेथीचा लगदा लागला. वत्सला दुसरीकडे तोंड करून उभी होती.

'मग त्या भावानं काय केलं?' छबुबाईंनी विचारलं. त्यांना राहवलं नाही.

'त्यानं हुडीकला की त्याला,' अक्का म्हणाली. 'लई उशीर लागला. पर हुडीकला.'